तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या पेजवर आता काही का येत नाही

बिल चुकतं करून झालं की दर आठवड्याला कुणीतरी गल्ल्यापाशी रेंगाळतं आणि विचारतं, “तुमचं इन्स्टाग्राम किती छान चाललं होतं! एकदम बंद का केलंत?” विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हे मला कळतं. तरी हल्ली तो प्रश्न ऐकला की कपाळाला आठी पडते. आजवर मी तीन उत्तरं फिरवून फिरवून दिली. वेळ मिळत नाही. पेज सांभाळणारी मुलगी सोडून गेली. बघू, पुढच्या महिन्यापासून पुन्हा करू. यातलं पहिलं अर्धं खरं आहे. दुसरं साफ खोटं, कारण पेज मीच सांभाळत होते. आणि तिसरं ऐकू आलं की माझा भाऊ आत स्वयंपाकघरात मुद्दाम भांडं आपटतो.

म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

आधी एक गैरसमज काढते. मला या माध्यमांचा तिटकारा आलेला नाही. “चव चांगली असली की गिऱ्हाईक आपोआप येतं” असं सांगणारे लोक भेटतात. त्यांनी संध्याकाळचे सात ते दहा रिकामं हॉटेल बघत कधी काढलेले नसतात. मी काढलेत. वाढपी एकच टेबल चौथ्यांदा पुसतो, पंखा बंद करावा का याचा विचार चालू असतो आणि दाराबाहेर कुणी पाटी वाचायला थांबलं तरी सगळ्यांच्या माना वळतात. हॉटेलची खुर्ची हा नाशवंत माल आहे. आज रिकामी गेली ती गेली, उद्या दुप्पट माणसं बसवता येत नाहीत. तेव्हा लोकांना कळवावं लागतं, आणि लोक जिथे असतात तिथे जाऊन कळवावं लागतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी 2011 मध्ये सिअ‍ॅटलच्या रेस्टॉरंटांच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला होता. येल्प या लोकांनी हॉटेलांना तारे द्यायच्या साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढतं, असं त्यात निघालं. तेही स्वतंत्र हॉटेलांचं. साखळी हॉटेलांना असा फरक पडलेला दिसला नाही, त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. आमच्यासारख्याला मात्र कुणीतरी ओळख करून द्यावीच लागते. तो आकडा मी एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आणि खाली स्वतःसाठी नियम लिहिले.

ती वही आजही गल्ल्यात आहे. प्रत्येक कॉमेंटला उत्तर द्यायचं. वाईट रिव्ह्यूला त्याच रात्री उत्तर द्यायचं नाही, सकाळी द्यायचं. (2013 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात एका हॉटेलमालक जोडप्याचं फेसबुकवर टीकाकारांशी जुंपलेलं भांडण जगभर गाजलं होतं, ते वाचून हा नियम केला. अजूनही पाळते.) फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ काढायचा, ट्यूबलाइटखाली नाही. आणि कुणी आपल्याला टॅग केलं की तासाभरात ते आपल्या स्टोरीला लावायचं, म्हणजे त्या माणसाला बरं वाटतं, तो पुन्हा टॅग करतो, त्याचे चार मित्र बघतात.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवा.

तसं पहिली काही वर्षं साध्या फोटोवर भागत होतं. पण इन्स्टाग्राम, फेसबुक ही दुकानं आपल्या मालकीची नसतात. 2016 मध्ये इन्स्टाग्रामने पोस्टी वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं. 2018 मध्ये फेसबुकने घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टी पुढे घेतल्या आणि आमच्यासारखी पेजेस मागे पडली. 2020 मध्ये रील्स आल्या आणि ताटाच्या फोटोकडे कुत्रं विचारीना. हलणारं, बोलणारं काहीतरी हवं झालं. शक्यतो माणूस.

माणूस आमच्याकडे होता. आमचे वाढपी, काका.

ती रील तुम्ही पाहिलीच असणार. नसेल तर थोडक्यात सांगते: बारा जणांचं टेबल, प्रत्येकाचं वेगळं, एकाला तिखट कमी, एकाला मीठ नको, दोघांत एक, एकाचं पार्सल. काका हात पाठीमागे बांधून ऐकतात. कागद नाही, पेन नाही. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन एका दमात सगळं म्हणून दाखवतात आणि वीस मिनिटांनी सगळीच्या सगळी ताटं कुणाला काही न विचारता ज्याची त्याच्यापुढे ठेवतात. मी काही जमवून आणलं नव्हतं. काका वर्षानुवर्षं हेच करत होते, मी फक्त फोन धरला. चार दिवसांत 11 लाख लोकांनी ते पाहिलं.

11 लाख! आमच्याकडे खुर्च्या 44.

हे गणित तेव्हा डोक्यात शिरायला हवं होतं. पाहणाऱ्यांतले बहुतेक इतके लांबचे, की जन्मात आमच्या दारात यायचे नाहीत. आणि जे येण्याजोगे होते ते सगळे त्याच दोन शनिवार-रविवारी आले. दारात तासभराचं वेटिंग. आत भाऊ घामाने निथळतोय. रोजचे दोन आजोबा नेहमीच्या कोपऱ्यात जागा नाही म्हणून परत गेले, ते नंतर महिनाभर फिरकले नाहीत. “वाट बघायला लावली” म्हणून त्या आठवड्यात आम्हाला एक-एक तारा देणारे भेटले. पण हे सगळं सोसलं असतं. धंद्यात गर्दीची तक्रार करणारा करंटा, असं मी भावाला सुनावलंही होतं.

नवीन लोक जेवायला कमी आणि काकांना बघायला जास्त येऊ लागले. बघायला म्हणजे, परीक्षा घ्यायला. ऑर्डर सांगून झाल्यावर मध्येच बदलायची. तिघांनी एकाच वेळी बोलायचं. फोन समोर धरून, “काका, आता म्हणून दाखवा!” काका म्हणून दाखवायचे. हसायचेही. ते हसतात म्हणजे त्यांना आवडतंय, असं मी धरून चालले. लोक गुंतलेत, शेअर करतायत, टॅग करतायत. ‘एंगेजमेंट’ म्हणतात ती हीच की, असं मी स्वतःला सांगत होते.

एका शुक्रवारी नऊ जणांचा घोळका आला. सात नंबरवर बसला. काकांनी ऑर्डर घेतली आणि ते आत वळले. ते वळताच नऊच्या नऊ जण उठले आणि खुर्च्या बदलून बसले. एकाने फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. मी गल्ल्यावर होते. खुर्च्या सरकल्याचा आवाज मला ऐकू आला होता, पण मान वर केली नाही, पुढ्यात बिलासाठी पाच जण उभे होते.

पुढचं मला त्यांच्या व्हिडिओतूनच माहीत आहे. काका डाव्या हातावर तीन ताटं तोलून येतात. पहिलं ठेवतात. “हे माझं नाही.” दुसरं ठेवतात. “माझंही नाही.” काका थांबतात. चेहऱ्यांकडे बघतात, मग खुर्च्यांकडे, मग पुन्हा चेहऱ्यांकडे. त्यांचे ओठ हलायला लागतात, मनात मोजताना हलतात तसे. ठेवलेलं ताट उचलून घेतात आणि ते हातात धरून उभे राहतात. टेबलावर हसण्याचा स्फोट. काका एका मुलीला विचारतात, “तुमचं काय होतं, बाळ?” आणि ती हसू दाबत म्हणते, “तुम्हीच सांगा ना!” एवढंच. चाळीस सेकंद.

साडेदहाला टॅग आला. मी व्हिडिओ आवाज बंद ठेवून पाहिला, वर हसऱ्या तोंडाचं चिन्ह चिकटवलं, “आमचे काकाही शेवटी माणूसच!” असं लिहिलं आणि स्टोरीला लावून टाकला. तासाभराच्या आत. नियमाप्रमाणे.

बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की मी तो नीट पाहिलाच नव्हता, कामाच्या गडबडीत बोट लागलं. तसं नाही. आवाज बंद असला तरी ओठ दिसत होते. मला दिसलं होतं. पण त्या व्हिडिओवर आधीच इतकी हसरी तोंडं जमली होती की हे मजेचंच आहे, असं ठरूनच गेलं होतं.

स्टोरी चोवीस तासांत पुसली जाते, म्हणून आपण ती हलक्यात घेतो. काकांच्या नातवाला ती त्यांना दाखवायला चोवीस तास भरपूर होते.

रविवारी काका नेहमीच्या वेळेला आले. सदऱ्याच्या खिशात तारेची छोटी वही, आणि वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन्सिलीचं थोटूक. मी म्हटलं, “काका, हे काय?” तर म्हणाले, “ताई, लिहिलेलं बरं. चूक झाली तर कागद दाखवता येतो.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलता तरी आलं असतं. मी माफी मागितली, तर म्हणाले, “पोरं होती ती, सोडा.” मी पोरांच्या वतीने माफी मागतच नव्हते.

त्या घोळक्यातल्या मुलाला व्हिडिओ काढून टाका म्हणून निरोप पाठवला. “अहो, तुमचीच पब्लिसिटी केली की,” असं उत्तर आलं. आठवड्याने त्याने तो काढला. तोवर जिथे जायचा तिथे गेला होता.

नंतर, झोप येत नाही तेव्हा माणूस काहीबाही वाचत बसतो तसं वाचताना, मला ब्युनोस आयर्सच्या वेटरांवरचा एक अभ्यास सापडला. 2008 चा. तिथले जुने वेटर टेबलावरच्या दहा-दहा जणांची ऑर्डर न लिहिता लक्षात ठेवतात. संशोधकांनी आठ गिऱ्हाइकं बसवली, ऑर्डर द्यायला लावली आणि नंतर त्यांना जागा बदलायला लावल्या. वेटर चुकायला लागले. म्हणजे ते नुसता पदार्थ लक्षात ठेवत नाहीत, माणूस आणि त्याची जागा मिळून ऑर्डर डोक्यात बसवतात. जागा हलवली की सगळी मांडणीच विस्कटते. त्या पोरांनी हे काही वाचलेलं नव्हतं. नेमकं कुठे बोट घातलं की विस्कटेल, हे त्यांना न वाचता कळलं. आणि काकांची स्मरणशक्ती कमी झाली नव्हती, हे मला वाचून कळलं. ते कात्रण काकांना दाखवावं असं मनात होतं. पण दाखवून मी काय म्हणणार होते?

आता भावाचं म्हणणं. ते तुम्हाला न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. तो म्हणतो, “तुला रील्स करायचा कंटाळा आलाय आणि तू काकांचं नाव पुढे करतेस.” तो म्हणतो, माणसं दाखवायची नसतील तर नको दाखवू, भांडी दाखव, वाफ दाखव, माझे हात दाखव. पेज गप्प झाल्यापासून शनिवारच्या रात्री पूर्वीसारख्या भरत नाहीत, हे तो मला गल्ला उघडून दाखवतो. गल्ला खोटं बोलत नाही. मी म्हणते, त्या गर्दीतले किती जण दुसऱ्यांदा आले? तो म्हणतो, तू मोजलेस का? नाही मोजले.

आणि वहीत नियम लिहिणारी ती मीच, तिच्याशीही भांडण मिटलेलं नाही. ती म्हणते, चूक एका स्टोरीची होती, शिक्षा अख्ख्या पेजला का? दर रिव्ह्यूला सकाळी उत्तर देतेस तेव्हा लोक परत येतात, हे तूच पाहिलंस ना? पाहिलंय. म्हणूनच सगळं बंद केलेलं नाही. गूगलच्या नकाशावर आमच्या वेळा, सुट्टीचा दिवस आणि मेनू बिनचूक असतो. बंद दारापाशी कुणी येऊन परत गेलं तर तो माझा गुन्हा समजते. रिव्ह्यूंना उत्तरं जातात. फुकट जेवणाच्या बदल्यात रील करून देतो म्हणणाऱ्यांना नम्र नकार जातो. फक्त पेजवर नवीन काही येत नाही, कारण कॅमेरा धरला की फ्रेममध्ये कुणाला घ्यायचं, इथेच माझा हात अडतो.

आणि तुम्ही विचारण्याआधी मीच सांगते: काकांची ती पहिली रील अजून आहे. सगळ्यात वर, पिन केलेली. अजून लोक बघतात, अजून कुणी कुणी तीच बघून येतं. काढून टाका असं काका कधी म्हणाले नाहीत, आणि काढू का असं मी त्यांना विचारलेलं नाही. काय उत्तर येईल याची मला भीती वाटते, दोन्ही बाजूंनी.

एक गोष्ट मला उशिरा दिसली. काकांना जवळचं वाचायला चष्मा लागतो. पूर्वी ऑर्डर घेताना तो खिशातच असायचा, कारण ते माणसांकडे बघत असत. आता लिहायचं म्हणून तो लावतात, आणि लावला की समोरचे चेहरे धूसर होतात. नेहमीच्या गिऱ्हाइकाला “आज एकटेच?” असं विचारणारे काका आता वहीतून मान वर काढत नाहीत.

गेल्या शनिवारी एक कुटुंब आलं, सात जण. “रील बघून आलोय,” असं त्यातली बाई हसत म्हणाली. मी त्यांना सात नंबरवर बसवलं आणि त्या टेबलाची ऑर्डर घ्यायला दुसऱ्या मुलाला हाक मारली. काकांच्या ते लक्षात आलं. “ताई, सात नंबर माझं आहे,” म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत टेबलाशी पोचलेही. चष्मा लावला, वहीचं पान उलटलं, पेन्सिल टेकवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “बोला.”