आजोबांची दुनळी आणि अडीच इंचांचं काडतूस

परवाना नावावर व्हायला आठ महिने लागले. बहिणींची ना-हरकत, पोलीस ठाण्यात जमा असलेली बंदूक सोडवणं, सगळं झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. राग आहे तो काडतुसाच्या दुकानावर, आणि अजून गेलेला नाही.

आमचं गाव मालवण तालुक्यात, खाडीला लागून. आजोबांची बारा बोअरची दुनळी बर्मिंगहॅमची, १९३०च्या दशकातली. हिवाळ्यात खाडीत आणि वायंगणी (हिवाळी भाताच्या) शेतात अडया, म्हणजे रानबदकं, उतरत, तेव्हा ते पहाटे जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते थांबलं. आता परवाना शेतसंरक्षणाचा आहे. रानडुकरं आणि माकडं भात-नारळात शिरली की बार काढायचा तो आवाजासाठी, जनावरावर नाही.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तिथे बदकांची शिकार कायदेशीर आहे आणि त्याची बंदूकही आजोबांच्याच काळातली. बंदूक घरी आली त्या रात्री त्याने फोनवर सांगितलं, "दादा, काडतूस भरायच्या आधी नळ्या काढ आणि खालच्या सपाट भागावरचे छाप वाच."

वाचले. 'नायट्रो प्रूफ', १⅛ औंस आणि २½ इंच. पहिला छाप म्हणजे नळ्या आजच्या धूरविरहित दारूसाठी तपासलेल्या आहेत. (दमास्कसच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळवून केलेल्या जुन्या नळ्या असतील आणि हा छाप नसेल, तर त्यात आजचं काडतूस घालूच नका.) दुसरा छाप छर्ऱ्यांच्या वजनाची मर्यादा सांगतो, साधारण ३२ ग्रॅम. तिसरा चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाची, लांबी. आमचं घोडं अडलं ते या तिसऱ्यावर.

अडीच इंच म्हणजे बाजारात ज्याला ६५ मिलिमीटर म्हणतात ते. करूळ घाट चढून कोल्हापूरला गेलो, तर दुकानात फक्त ७० मिलिमीटरची पेटी. मी लांबी विचारली तेव्हा दुकानदार हसला. "साहेब, बारा बोअर म्हंजे बारा बोअर. बसतंय न्हवं आत? मग झालं की!"

बसतं, आणि धोका तिथेच आहे. दुमडलेल्या तोंडाचं ७० चं काडतूस भरताना साठ मिलिमीटरच्या आसपासच असतं, म्हणून ते जुन्या चेंबरमध्ये आरामात जातं. बार झाला की तोंड उलगडतं, टोक चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि वाट अरुंद होते. दाब वाढतो. हे मी त्याला काउंटरवर कागद काढून दाखवलं. त्याने कागदाकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या खेपेला "पुढच्या आठवड्यात येईल" म्हणाला. तिसऱ्या खेपेला पेटीवर ६५ दिसलं, पैसे दिले, परवान्यावर नोंद झाली. बाहेर येऊन एक काडतूस काढून पाहिलं तर त्याच्या अंगावर छापलेलं ७०. परत आत गेलो. तो म्हणाला, नोंद झालीय, आता परत घेता येणार नाही. दीड तास उभा राहिलो, आवाज चढवला, शेवटी नोंद दुरुस्त करून घेतली. पैसे पुढच्या महिन्यात मिळाले. भात कापणीला आलं होतं आणि बंदूक कपाटात. ७० चंच वापरणारे गावातले एक काका म्हणाले, "आमका काय झाला नाय." त्यांची नळी आतून कधी कोणी तपासलीय?

पेटीवरचा आकडा नको, काडतुसावरचा वाचा. नोंद करण्याआधी वाचा.

शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने माझं वाक्य पुरं व्हायच्या आत विचारलं, "अडीचचं चेंबर का?" मला खरंच भरून आलं. त्याने आधी गेजने चेंबर मोजलं, नळ्यांना खड्डे नाहीत ना ते पाहिलं, मगच पेटी काढली.

शिशाबद्दलही लिहायलाच हवं. बदकं अन्न दळायला बारीक खडे गिळतात, त्यांत चिखलातले छर्रेही जातात आणि शिसं त्यांना भिनतं. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे बंद आहेत, इंग्लंडमध्ये १९९९ पासून. मावसभाऊ शिशाऐवजी बिस्मथ (दुसरा एक धातू) वापरतो. ते शिशापेक्षा थोडं हलकं, पण मऊ, म्हणून जुन्या पातळ नळ्यांना सोसतं. स्टीलचे छर्रे स्वस्त, पण कडक. चॉक (नळीचं तोंडाशी निमुळतं होणं) घट्ट असेल तर नळी फुगू शकते. त्यालाही बिस्मथचं काडतूस अडीच इंचांचंच मागवावं लागतं.

मला दुकानात बिस्मथ मिळालं नाही, शिसंच आहे. म्हणून मी खाडीकडे आणि वायंगणाकडे तोंड करून बार काढत नाही. वरच्या सड्याकडे (कातळाच्या पठाराकडे), माणूस-गुरं नाहीत हे बघून.

पहिला बार मी गेल्या कार्तिकात काढला. नळी उघडली, रिकामं काडतूस बोटाने सहज निघालं. आधी त्याची लांबी मोजली, मग आजोबांच्या फोटोसमोर ठेवलं.