माझा अनुभव: लेकीच्या स्कॉलरशिपा आणि कॉलेजने कापलेली ग्रँट

मुलीने बारावीचं वर्ष सांभाळून गावातल्या संस्थांकडून साडेचार हजार डॉलर मिळवले आणि कॉलेजने बरोबर तेवढीच रक्कम तिच्या ग्रँटमधून, म्हणजे परत फेडावी न लागणाऱ्या मदतीतून, वजा केली. आमच्या हाती काहीच उरलं नाही. अजून आठवलं की जीव जळतो. इथे अमेरिकेत ज्यांची मुलं यंदा सीनियर, म्हणजे बारावीत, आहेत त्यांना हे आधी कळावं म्हणून लिहितेय.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी दहावीत असताना नवऱ्याला पक्षाघात झाला. नोकरी गेली, बोलणं अडखळू लागलं, घर माझ्या एकटीच्या पगारावर आलं. मुलगी शनिवार-रविवार दुकानात काम करायची आणि संध्याकाळी बाबांकडून बोलण्याचे व्यायाम करून घ्यायची. अडचणींतून वर आलेल्या मुलांसाठी होरेशियो अल्जरसारख्या मोठ्या स्कॉलरशिपा आहेत, पण तिथे देशभरातून अर्ज येतात. गावातला रोटरी क्लब, पालक-शिक्षक संघटना, क्रेडिट युनियन (पतसंस्था), कम्युनिटी फाउंडेशन यांच्या पाचशे-हजार डॉलरच्या स्कॉलरशिपांना मात्र स्पर्धक आजूबाजूच्या शाळांतलेच. यादी शाळेच्या काउन्सेलरकडे मिळते. अर्ज, शिफारसपत्रं, उन्हाळ्याआधीचा बक्षीस समारंभ, सगळं नीट पार पडलं. बाबा व्हीलचेअरवरून समारंभाला आले होते.

मग कॉलेजचं नवीन पत्र आलं. बाहेरून मिळालेल्या स्कॉलरशिपा कॉलेजला कळवाव्याच लागतात, त्या आम्ही कळवल्या होत्या. ग्रँट साडेचार हजारांनी कमी. पाच हजार पाचशेचं सरकारी कर्ज मात्र जसंच्या तसं. मी फायनान्शिअल एड ऑफिसला फोन केला. उत्तर मिळालं, "हा फेडरल नियम आहे." पुन्हा केला, दुसऱ्या माणसाने तेच सांगितलं. ईमेलला ठरावीक उत्तर आलं. एकीने तर अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. ऑगस्टमध्ये बिल भरायची तारीख आणि तिकडे जुलै सरत चाललेला. आजारी बापाची सेवा करून पोरीने जे मिळवलं त्याचा फायदा कॉलेजच्या तिजोरीला का व्हावा, याचं उत्तर मला कुणी देईना.

शेवटी नियम मीच वाचून काढला. फेडरल नियम एवढंच म्हणतो की गरजेनुसार दिलेली मदत आणि बाहेरची मदत मिळून ठरलेल्या गरजेपेक्षा (कॉलेजचा खर्च वजा घराला झेपेल ती रक्कम) जास्त होता कामा नये. जास्त झालीच तर कर्ज कमी करायचं, वर्क-स्टडी (शिकता शिकता काम करून मिळणारी मदत) कमी करायची की ग्रँट, हे कॉलेजचं स्वतःचं धोरण ठरवतं. मेरीलँडने 2017 मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना अशी कपात करण्यावर कायद्याने बंधन घातलं, पुढे न्यू जर्सीनेही तसा कायदा केला. पण लेकीचं कॉलेज खाजगी आणि दुसऱ्या राज्यातलं, तेव्हा कायद्याचा आधार नव्हता.

मग फोन बंद केले आणि लेखी मागणी केली, थेट ऑफिसच्या डायरेक्टरांकडे: आधी कर्ज कमी करा, ग्रँटला हात लावू नका, आणि तसं होणार नसेल तर तुमचं छापील धोरण पाठवा. त्याच आठवड्यात एका स्थानिक संस्थेला विनंती केली की तुमचे हजार डॉलर पुढच्या वर्षी द्याल का. तिथल्या बाईंनी लगेच होकार दिला, मला रडूच आलं. उरलेल्या साडेतीन हजारांसाठी कॉलेजने कर्ज तेवढ्याने उतरवलं. पूर्वीची ग्रँट परत आली, कर्ज दोन हजारांवर आलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

प्रवेश पक्का करण्याआधीच कॉलेजला विचारा की बाहेरची स्कॉलरशिप आली तर आधी काय कापता. उत्तर लेखी घ्या. फोनवरचं बोलणं मानू नका.

निबंधाचं सांगायचं राहिलं. मुलीला बाबांच्या आजारावर लिहायचंच नव्हतं, आपल्याकडे घरचं दुखणं चारचौघांत मांडत नाहीत. तिने आधी बाबांना विचारलं. त्यांनी मान हलवून होकार दिला. मग तिने झटक्याचं वर्णन दोन ओळींत आटोपलं आणि बाकी सगळं स्वतः काय केलं त्यावर लिहिलं: औषधांचा तक्ता, व्यायामाची वही, दुकानातली शिफ्ट. वाचणाऱ्यांना तेच हवं असतं. काउन्सेलरला घरची परिस्थिती माहीत नसते, शिफारसपत्र मागताना एका कागदावर लिहून द्या.

आणि फाफ्साचं, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीच्या अर्जाचं. तो दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतो, 2025-26 साठी 2023 चं. आमच्या अर्जात त्यामुळे नवऱ्याची जुनी कमाई धरली गेली, म्हणून आमची गरज कागदावर खूपच कमी दिसली. आजारपण किंवा नोकरी गेल्याचे कागद जोडून कॉलेजकडे 'प्रोफेशनल जजमेंट', म्हणजे आताची परिस्थिती पाहून गरजेचा हिशोब बदलणं, मागता येतं. ते आम्हाला मिळालं आणि मूळ ग्रँट त्यामुळेच वाढली होती. डॉक्टरांचं पत्र, नोकरी सुटल्याचं पत्र, चालू वर्षाच्या पगाराच्या स्लिपा एकत्रच पाठवा, तुकड्यातुकड्यांनी पाठवलं तर फाइल मागे पडते.

स्कॉलरशिपचे पैसे फी आणि पुस्तकांवर गेले तर कर लागत नाही. राहण्या-जेवणावर गेले तर लागतो, तेव्हा फीची पावती जपून ठेवा.