बरोबर असूनही

मंगळवार, रात्री उशिरा

मंदारने रीबेस संपवत आणलाय, म्हणजे आमचे बदल लिनक्स कर्नलच्या नव्या आवृत्तीवर चढवणं. ४.९ वरून थेट ६.१. डिफ (काय बदललं ते दाखवणारी यादी) उघडला तर आमच्या पोर्टची, म्हणजे आमच्या प्रोसेसरपुरत्या कोडची, युजर मेमरीची फाईल जवळजवळ सगळी लाल, काढून टाकलेली. त्यात शून्यं भरायचा माझा लूपही गेला. कमिटमध्ये एकच ओळ: जेनेरिक (सगळ्या प्रोसेसरांचं सामाईक) वापरलं, आता गरज नाही. एवढ्याशा गोष्टीवरून दिवस नासला म्हटलं तर घरात हसतील.

काम तसं कुणाच्या नजरेत न येणारं. प्रोग्रॅम कर्नलला, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मेमरीतला पत्ता देतो, इथून इतके बाइट उचल म्हणतो. पत्ता युजरच्याच हद्दीतला आहे ना, हे आधी बघायचं. उचलताना मध्येच पान नाहीसं निघालं तर फॉल्ट येतो. तेव्हा कोलमडायचं नाही, एक्सेप्शन टेबलातून (फॉल्ट आला तर पुढे कुठे जायचं त्याची यादी) वाट काढायची आणि किती बाइट राहिले ते कळवायचं. (सगळं जमलं तर उत्तर शून्य. नवी पोरं इथे हमखास अडखळतात.) शिवाय उरलेल्या जागेत शून्यं भरायची, नाहीतर कर्नलचा जुना कचरा तिथे तसाच राहतो आणि एखाद्या गाफील ड्रायव्हरच्या हातून बाहेर पडतो.

२०१६ मध्ये कर्नलचे डेव्हलपर अल विरोंनी एकेक आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) धुंडाळलं, तेव्हा मायक्रोब्लेझ, ओपनरिस्क, पॅरिस्क, ३२-बिट स्पार्क अशा कितीतरी ठिकाणी दुरुस्त्या कराव्या लागल्या. आमच्याकडे नाही लागली. बफर पानाच्या कडेला ठेवून, शेवटचे तीन बाइट पलीकडच्या नसलेल्या पानात ढकलून मी ते तपासलं होतं. तिन्ही शून्य.

म्हणजे मी बरोबर होतो. आणि तरी गेलं. चुकलेलं म्हणून काढलं असतं तर निदान भांडता आलं असतं. साहेबांना फोन करावासा वाटला. पण आता ते... असो.

खरं तर हे व्हायचंच होतं. प्रत्येक आर्किटेक्चर वेगळी चूल मांडून बसलेलं. २०१७ च्या ४.१२ मध्ये विरोंनी ते मोडलं: तुम्ही फक्त कच्ची कॉपी द्या, हद्द तपासणं, शून्यं भरणं हे सगळं एकाच जागी होईल. ४.८ मध्ये हार्डन्ड युजरकॉपी (कॉपी कर्नलच्या बफरबाहेर जात नाही ना, ही तपासणी) आली, ती प्रत्येकाने आपापल्या फाईलमध्ये हाताने जोडायची होती. आमचं त्याचं तिकीट अजून उघडं आहे. मंदारच्या ब्रँचमध्ये ती आपोआप आलीये. तरीही मी बरोबर होतो, हे काही जात नाही.

गंमत म्हणजे सेट-एफएस (युजर मेमरीची हद्द तात्पुरती बदलणारं जुनं फंक्शन) गेल्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या एफएस रजिस्टरवरून पडलेलं नाव. आमच्या प्रोसेसरात असं रजिस्टर कधीच नव्हतं, पण नाव वागवत होतो. ५.१८ मध्ये ते कर्नलमधूनच गेलं. गेलं तर गेलं! म्हणजे जुनं गेल्याचं दुःख वगैरे काही नाही. माझं गेलं, एवढंच आहे. लिहिल्यावर फारच पोरकट दिसतंय.

मघाशी डिफ पुन्हा वर-खाली केला. असेंब्लीतला कॉपीचा लूप जसाच्या तसा आहे, अलाइन नसलेल्या पत्त्यांच्या सगळ्या कसरतींसकट. नावाआधी फक्त 'रॉ' लागलंय. म्हणजे मी शिल्लक आहे, पण कच्चा.

रिव्ह्यूत मंजुरी दिली. खाली उगीच एक शेरा टाकला: गेट-युजर, पुट-युजर (युजर मेमरीतलं एकेक मूल्य वाचणारी-लिहिणारी) अजून आर्किटेक्चरकडेच आहेत, त्यांना हात लावू नकोस.

उत्तर लगेच आलं. "नाही लावला दादा. पण त्यातही बरंच एकसारखं दिसतंय."

दिसणारच.