मारुती जिप्सी किंग अपडेट: जी१३बीबी इंजिन एकदाचं सेल्फने लागलं!

लागलं. ढकलून नाही, उतारावर सोडूनही नाही. चावी फिरवली, सेल्फ जेमतेम फिरला आणि इंजिन पकडलं. बंद केलं, परत मारलं, परत पकडलं. मग गाळ्यातल्या पोऱ्याला एवढा चेव आला की तो मारतच सुटला. शेवटी चावी काढून खिशात टाकावी लागली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी १९९८ची किंग, मूळची कार्बवाली (कार्ब्युरेटरची). जुन्या जी१३बीए इंजिनाचा हेड उडाला, ब्लॉकही गेला. त्याच्या जागी लष्करी लिलावातून आलेल्या जिप्सीचं जी१३बीबी. दोन्ही मारुतीची, दोन्ही १२९८ सीसी. फरक एवढाच की डोक्यावर आठऐवजी सोळा व्हॉल्व्ह, कार्बऐवजी इंजेक्शन आणि कागदावर साठच्या जागी ऐंशी बीएचपी. मारुतीच्याच इस्टीम कारमधलं हे इंजिन आडवं बसतं, ते जिप्सीत उभं बसवताना सम्पपासून मॅनिफोल्डपर्यंत सगळं बदलावं लागतं. म्हणून थांबून थांबून जिप्सीचंच इंजिन शोधलं, हे मागे लिहिलंय.

मेकॅनिकल भागाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे काही घडलंच नाही. चेन पुलीवर इंजिन घेतलं, गिअरबॉक्सला जॅक लावला आणि इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमध्ये असा सरकला की मिस्त्रीकाका क्षणभर थांबून म्हणाले, "बसला? खरंच बसला?" त्याचं श्रेय ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याला. एका भंगार गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट कापून त्याने क्लच अलाइनमेंटचा दांडा करून दिला. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे युनिव्हर्सल दांडे घेऊ नका. प्लेट मधोमध आली असं वाटतं, ती आलेली नसते.

आता मुख्य रामायण.

लक्षण असं: चावी ऑन केली की पेट्रोलचा पंप दोन-तीन सेकंद घुरतो, इंजेक्टरच्या रेलला प्रेशर येतं, चेक लाइट लागतो. सेल्फ मारला की इंजिन मस्त फिरतं, पण पेटत नाही. फिरव फिरव फिरवलं तरी ढिम्म. मात्र वैतागून चावी सोडली की नेमक्या त्या क्षणी एक फटका देतं. 'फप्' करून हलतं आणि गप्प. आणि हीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालून गाळ्यासमोरच्या उतारावर सोडली की पहिल्या धक्क्याला सुरू. एकदा सुरू झाली की आयडल गुळगुळीत, रेस स्वच्छ, कुठे मिस नाही.

हे ऐकल्यावर प्रत्येकाकडे तयार उत्तर होतं. व्हॉट्सअॅपवर निम्म्यांनी इमोबिलायझर (चोरी रोखणारं लॉक) सांगितला. डोनर, म्हणजे ज्या जिप्सीतून इंजिन काढलं ती, लष्करी; त्यात तो नव्हताच. बाकीच्यांनी पंप. गेज लावून बघितलं, प्रेशर अडीच किलोच्या वर चढून टिकत होतं. कॅम सेन्सर म्हणावा तर तो खराब असता तर ढकलूनही सुरू झाली नसती. डायग्नोसिस कपलरला जंपर मारून दोषाचे कोड काढले, तर चेक लाइट इमानदारीत १२ मारत होता. एक, थोडं थांबून दोन. म्हणजे ईसीयूच्या (इंजिनाच्या कंप्युटरच्या) मते सगळं आलबेल.

मग अर्थिंग. ही शंका मिस्त्रीकाकांची आणि ती अगदीच हवेतली नव्हती. सेल्फ थोडा वेळ मारला की अॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागायची. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे अर्थची पट्टी नीट नसली की सेल्फचा करंट परतीला जी वाट मिळेल ती धरतो, मग ती केबल का असेना. मीटरचं एक टोक ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारला तर ०.९ व्होल्ट. तिथे ०.२च्या वर काही दिसता कामा नये. बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) बोल्टखालचा रंग घासून काढला, नवी जाड पट्टी टाकली, आकडा ०.१वर आला. सेल्फ दुप्पट जोमाने फिरायला लागला, केबल गार. गाळ्यात जल्लोष. आणि गाडी? ढिम्मच. आता फक्त जास्त वेगाने फिरून ढिम्म.

ती पट्टी वाया गेली असं मी म्हणणार नाही. तो दोष खरा होता, पुढेमागे भोवलाच असता. पण एका खऱ्या दोषाने दुसऱ्याला झाकून ठेवलं. त्यानंतर बॅटरी बदलून पाहिली, प्लग बदलले, पाण्याच्या टेंपरेचर सेन्सरच्या जागी रेझिस्टन्स लावून मिक्श्चर पातळ-जाड करून पाहिलं. आमच्या वायरमनने तर सरळ जाहीर केलं, "साहेब, ईसीयू गेलाय, दुसरा बघा." दुसऱ्या ईसीयूची किंमत विचारून आलो आणि चहा प्यायला बसलो.

चहा पिताना मी लक्षणांची यादी कागदावर काढली. ढकलल्यावर इंजिन फिरतं. सेल्फवरही इंजिन फिरतं. फिरणं दोन्हीकडे सारखंच, मग फरक कशात? फरक चावीत! ढकलताना चावी 'ऑन'वर असते, सेल्फ मारताना 'स्टार्ट'वर. आणि तो 'फप्' येतो कधी? चावी स्टार्टवरून ऑनवर परत येते तेव्हा, इंजिन अजून अर्धं वळण घेत असताना. म्हणजे स्टार्टवर कुणीतरी मरतंय आणि ऑनवर आलं की जिवंत होतंय.

इग्निशन स्विचमधून ऑनच्या एकापेक्षा जास्त लाइनी निघतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. एक लाइन ऑनवर आणि स्टार्टवर दोन्हीकडे चालू राहते. प्लगला ठिणगी देणारी कॉइल तिच्यावर असते, नाहीतर जुनी गाडी तरी कशी सुरू झाली असती? दुसरी लाइन वायपर, ब्लोअर असल्या मंडळींची. ती सेल्फ मारताना मुद्दाम तुटते, म्हणजे बॅटरीचा सगळा जोर सेल्फला मिळतो.

आतापर्यंत ईसीयूच्या कपलरवरची सगळी मापं चावी ऑनवर ठेवून घेतली होती. तिथे १२.३ व्होल्ट व्यवस्थित. क्रँकिंगचं, म्हणजे सेल्फ फिरतानाचं, माप घेतलं होतं ते फक्त बॅटरीवर. म्हणून या वेळी साधा टेस्ट लॅम्प घेतला, चिमटा बॉडीला, टोक ईसीयूच्या इग्निशन पिनच्या वायरला टोचलं आणि पोऱ्याला म्हटलं मार सेल्फ.

बल्ब विझला. चावी सोडली, पेटला.

जाता जाता: मीटर सगळ्यांकडे असतो, पण असल्या कामाला साध्या बल्बसारखं दुसरं काही नाही. मीटरचा आकडा हलून स्थिरावेपर्यंत क्रँकिंग संपतं. शिवाय बल्ब थोडा करंट ओढतो, त्यामुळे गंजलेल्या जोडावर मीटर बारा दाखवत असला तरी बल्ब मिणमिणून चुगली करतो. फक्त एलईडीवाला टेस्टर घेऊ नका, तो करंट जवळजवळ ओढतच नाही.

मग डॅश उघडला. वायरमनने ईसीयूची इग्निशन वायर डॅशखालच्या काळ्या-पांढऱ्या वायरला जोडली होती. रंग बघितला तर बरोबरच. पण ती वायर मागे मागे शोधत गेलो तेव्हा कळलं की जुन्या मालकाच्या काळात कुणीतरी सेंट्रल लॉक आणि अलार्म बसवताना मूळ काळी-पांढरी मध्येच कापून तिचं पुढचं टोक ब्लोअरच्या फ्यूजला बांधून ठेवलं होतं. वर काळी टेप, टेपचा गोंद सुटून सगळं चिकट. कार्बच्या जमान्यात त्या तुकड्यावर महत्त्वाचं काही नव्हतं, म्हणून कुणाला पत्ताच लागला नाही. कॉइलची खरी लाइन बॉनेटखाली शाबूत होती.

उपाय दहा मिनिटांचा. जुन्या कॉइलच्या पॉझिटिव्हची वायर आता रिकामीच होती. तिच्यात फ्यूज घालून ती आत घेतली, ईसीयूच्या इग्निशन पिनला दिली. मेन रिले डोनरच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) होताच, तो सांभाळतो बाकीचं. त्या वायरवर क्रँकिंगला १०.६ व्होल्ट, बल्ब पेटलेला. सेल्फ मारला आणि पुढचं वर लिहिलंच आहे.

ईसीयू जिवंत. वायरमन म्हणतो, मी तेच सांगत होतो.

आता हार्नेसबद्दल थोडं मनातलं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर ज्याच्याकडून इंजिनाचं बाकी सामान उचललं, त्याने हार्नेस कपलरपासून वीतभर अंतरावर कापून दिला होता. वायरी मोकळ्या करत बसायला वेळ कोणाला? तुम्ही जाल तेव्हा कटर हातात घ्यायच्या आधी त्याला थांबवा, दोनशे-पाचशे जास्त द्या, पण फ्यूज बॉक्सपर्यंतचा अख्खा लूम, म्हणजे हार्नेसच, घ्या. मी सगळे जोड क्रिंप केलेत, म्हणजे दाबून बसवलेत, सोल्डर नाही. सोल्डर केलेल्या ठिकाणी वायर कडक होते आणि जिप्सीच्या धडधडीत नेमकी त्या कडक भागाच्या तोंडाशी तुटते. रॅचेटवाली क्रिंपिंग पकड आणि गोंदवाली हीट श्रिंक लॅमिंग्टन रोडवरून आणली. पकड महाग पडली, पण पक्कडने दाबलेला क्रिंप हा क्रिंप नव्हे.

पेट्रोल लाइन: जुनी स्टीलची पाइप, सप्लाय आणि रिटर्न दोन्ही, ठणठणीत होती, ठेवली. रबर सगळं नवं, ३०आर९ (इंजेक्शनच्या प्रेशरचा होज) छापलेलं. कार्बचा साधा होज इंजेक्शनच्या प्रेशरला लावू नका. आधी घामाघूम होतो, मग फुटतो, आणि खाली एक्झॉस्ट असतो. टाकी डोनरची, आतल्या पंपासकट, किंगच्या चेसिसवर काही न कापता बसली. या बसण्यावर मी अजून खूश आहे.

पुढचा बेत खरं तर ३० इंची टायर आणि लिफ्टचा होता. तो बाजूला ठेवला. एक म्हणजे ऐंशी घोड्यांपुढे मागचे जुने ड्रम ब्रेक आधी बघायला हवेत. दुसरं, हे लिहितानाच लक्षात आलं की ईसीयू सध्या डाव्या बाजूला पायाशी आहे. वंदना टॉकीजसमोर दर पावसाळ्यात किती पाणी भरतं ते ठाणेकरांना सांगायला नको. आणि मी तो त्या उंचीवर ठेवणार? डॅश उघडाच आहे, तर आत्ताच ग्लोव्ह बॉक्सच्या वर नेतो. लूम तेवढा पुरेल असं वाटतं. नाही पुरला तर अजून वायरी, अजून क्रिंप. बरं, तसं असेल तर मग तो अलार्मवाल्याचा सगळा गुंता पण उपटून टाकतो. म्हणजे डॅश अजून काही आठवडे तरी बाहेरच. घरी हे अजून सांगितलेलं नाही.

आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यायचाय. लिलावाची कागदपत्रं, इंजिनाची पावती आणि नंबराचं पेन्सिल घासून काढलेलं ट्रेसिंग तयार आहे. नोंद होऊन पीयूसी मिळेपर्यंत गाडी गाळ्याच्या आवाराबाहेर काढणार नाही, त्यामुळे गायमुखच्या चढावर ती कशी उचलते हे विचारू नका. मलाही तेच हवंय.

एक बारीक खुसपट उरलंय. हेडलाइट लावले की आयडल शंभर-दीडशेने खाली जातं आणि वर यायला वेळ लावतं. आधी थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करून बघेन, मग अल्टरनेटर. कुणाच्या जी१३बीबीला असं होत असेल तर काय निघालं ते सांगा. आणि एमपीएफआयच्या (इंजेक्शनवाल्या इंजिनाच्या) एअर फिल्टर बॉक्सचा खालचा ब्रॅकेट कुणाकडे पडून असेल तर कळवा, ठाणे ते पनवेल कुठूनही येऊन घेऊन जाईन. सध्या तो बॉक्स केबल टायवर लटकतोय आणि मिस्त्रीकाका येता-जाता टोमणे मारतायत.