तुम्ही विचारलंत म्हणून: गाड्या नसलेला रस्ता सापडतो कसा?

पुण्याहून येणारी सायकलवाली मंडळी मला हमखास दोन प्रश्न विचारतात. एक, ‘तुमच्या हॉलंडात सगळंच सपाट, मग सायकल चालवण्यात मजा कसली?’ आणि दुसरा, ‘तुझ्या राइडच्या फोटोंत एकही गाडी का दिसत नाही? असे रस्ते शोधतोस कुठून?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर वारा देतो. पाहुण्याला एकदा त्याच्या तोंडावर सोडलं की मला बोलावं लागत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र मी नेहमी एकच देतो: रस्ता शोधू नका, पाणी शोधा.

बहुतेकांना वाटतं की हे सगळं त्या प्रसिद्ध लाल सायकलमार्गांमुळे होतं. देशात असे मार्ग सुमारे 35 हजार किलोमीटर आहेत आणि ऑफिसला, बाजारात, शाळेत जायला त्यांना तोड नाही. पण रोड बाइकवर, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकलवर, ताशी तीस किलोमीटरनं निघालेल्या माणसासाठी ते नाहीत. शाळेची पोरं तिघं-तिघं शेजारी गप्पा मारत चाललेली, मागून ई-बाइकवरचे आजी-आजोबा, मोपेड, झाडांच्या मुळांनी उचललेलं डांबर, आणि गाड्या घुसू नयेत म्हणून मार्गाच्या बरोब्बर मधोमध रोवलेला खांब. शिवाय निळ्या गोल पाटीवर सायकल असेल, तर त्या मार्गावरूनच जायचं असा नियम. म्हणून नकाशा उघडला की मी सायकलमार्ग नसलेले रस्ते आधी बघतो. मोठ्या रस्त्याच्या कडेला वेगळा मार्ग बांधतात तो गाड्या जास्त आणि वेगात असतात म्हणून. जिथे तो बांधायची गरजच पडली नाही, तिथे बहुधा गाड्याच नसतात.

हे रस्ते मोकळे राहिले त्याला या जमिनीचा इतिहास कारण आहे. अ‍ॅम्स्टरडॅम, उट्रेख्त, रॉटरडॅम आणि हेग यांच्या मधल्या भागाला ‘हिरवं हृदय’ म्हणतात. अकराव्या ते तेराव्या शतकांत इथली दलदल लोकांनी लागवडीखाली आणली. नदी-ओढ्याच्या काठानं घरं एका ओळीत, आणि प्रत्येक घरामागे लांबच लांब अरुंद पट्टी, दोन्ही बाजूंना चर. त्यामुळे गावं लांबट झाली आणि रस्ता ओढ्याच्या प्रत्येक वळणासोबत वळत गेला. ही माती कुजलेल्या वनस्पतींची. पाणी काढलं की ती सुकते, खचते. शेकडो वर्षं कुरणं खाली जात राहिली, बांधांमधल्या नद्या मात्र वरच राहिल्या. बांधावरून जाताना एका हाताला चाकाच्या थोडं खाली नदी आणि दुसऱ्या हाताला, तिच्याहून बऱ्याच खाली, गाईंच्या पाठी. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण इथे ब्रेक लावतो.

पुढे सरळसोट हमरस्ते आले, ए2, ए12 वगैरे, आणि घाई असलेली गाडी तिकडे गेली. वाकडातिकडा जुना रस्ता तिथं राहणाऱ्यांना उरला. पण तो आपसूक शांत राहिला असं समजू नका. 1971 मध्ये या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. नव्वदीच्या दशकात ठरलं की रस्ता एकतर लांब जाण्यासाठी असेल किंवा घरी-शेतात पोहोचण्यासाठी, एकाच रस्त्यावर दोन्ही नको. म्हणून शेतांमधल्या रस्त्यांवर वेगमर्यादा साठवर आली. काही रस्ते गाड्यांसाठी एका टोकाला बंद केले, सायकली मात्र आरपार जातात. काही ठिकाणी तर रस्त्याच्या मध्यभागी एक ठोकळा असतो. ट्रॅक्टरचं पोट उंच, तो वरून निघून जातो. मोटार गेली तर तळ खरवडून घेते. मला हा ठोकळा कुठल्याही पाटीपेक्षा जास्त आवडतो, कारण त्याच्याशी वाद घालता येत नाही.

पाण्याचं आणखी एक. देशात 21 जलमंडळं आहेत, काहींची मुळं तेराव्या शतकातली. पाण्याची पातळी आणि बांध सांभाळणं हे त्यांचं मूळ काम, पण उत्तर हॉलंड, झीलंड अशा भागांत गावाबाहेरचे बरेच रस्तेसुद्धा त्यांच्याच ताब्यात आहेत. म्हणजे पाणी शोधा म्हणतो ते उगाच नाही.

नेहमीचा रस्ता सांगतो. अ‍ॅम्स्टेलवीनमध्ये आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, तिथूनच निघा. अ‍ॅम्स्टेल नदी गाठायची आणि तिच्या काठानं दक्षिणेला, नेसवरून आउटहोर्नपर्यंत. हा तुकडा सुंदर आहे पण रविवारी वर्दळीचा, मी तो सकाळी लवकर उरकतो. आउटहोर्न मागे टाकलं की क्रोमे माइड्रेख्त नावाची नागमोडी नदी धरायची. रस्ता आपल्या पाणंदीइतका रुंद, फक्त डांबर गुळगुळीत. दे हूफ हे एवढंसं गाव, मग वूर्डन्स फेरलाट, आणि तिथून न्यूकोपची तळी. ही तळी नैसर्गिक नव्हेत. जळणासाठी इथली कुजलेल्या वनस्पतींची माती खोदून खोदून विकली, तिथे पाणी साचलं. न्यूकोपला कॉफी आणि सफरचंदाचा केक. वगळू नका, पुढे वारा आहे.

मग वळसा घालून मेइये. माझ्या मते संपूर्ण हिरव्या हृदयात याच्या तोडीचा रस्ता नाही. ओढा इतका अरुंद की प्रत्येक घराला स्वतःचा छोटा पूल. कडेला विलोची झाडं, वरचेवर छाटल्यानं डोकी जाड झालेली. दूर एक सडपातळ पाण्याचा मनोरा दिसतो, लोक त्याला लाडानं पेन्सिल म्हणतात. तो कधी उजवीकडे, कधी डावीकडे येतो, तेव्हा कळतं आपण किती वळतोय. परत येताना झेखफेल्ट, कामरिक, कोकेंगन, विल्निस असं येऊन शेवटी रोंडे हूपची अर्धी प्रदक्षिणा. रोंडे हूप म्हणजे नद्यांनी वेढलेला गोलसर पोल्डर, बांध घालून पाणी उपसलेली जमीन. घरं आणि रस्ता फक्त कडेनं, मध्ये नुसतं गवत आणि पक्षी. वसंतात इथे टिटवीच्या जातीचा कीविट डोक्यावर गिरक्या घेत ओरडत असतो. सगळं मिळून 80 किलोमीटरच्या आसपास होतं, चढ म्हणाल तर पुलांचे.

सगळं पाणी सारखंच छान असंही नाही. बेम्स्टरचा पोल्डर 1612 मध्ये तळं उपसून केला, चौकोन इतके नेटके की युनेस्कोनं यादीत घेतला. बघायला जरूर जा. पण सायकलवर तिथे मला कंटाळा येतो. सरळ, काटकोन, पुन्हा सरळ. फ्लेव्होलँड या पोल्डरांच्या प्रांताचं तेच, फक्त आणखी लांब.

वाट कशी लक्षात ठेवायची? इथे चौकांना नंबर असतात. ही कल्पना शेजारच्या बेल्जियमच्या लिम्बुर्गमधली, ह्यूगो बोलन नावाच्या खाण अभियंत्याची. ती तिथे 1995 मध्ये सुरू झाली, मग इकडे आली. नकाशावर नंबर बघायचे, कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून सायकलच्या दांडीला लावायचे, आणि पाट्या बघत जायचं. फक्त एक ध्यानात ठेवा. हे जाळं निवांत फिरणाऱ्यांसाठी आखलेलं आहे. ते तुम्हाला मजेत शिंपल्यांच्या चुऱ्याच्या वाटेवर नेऊन सोडेल, आणि तिथे 25 मिलिमीटरच्या टायरची हौस फिटते.

आता वारा. सिंहगडाचा चढ निदान संपतो तरी. इथला समोरचा वारा वळण येईपर्यंत संपत नाही, आणि पोल्डरमध्ये आडोसा म्हणून एखादी गाय. डच लोकांनी त्याची शर्यतच लावली आहे. झीलंडमध्ये समुद्रावरच्या वादळ-बांधावर साडेआठ किलोमीटर, बिनगिअरच्या साध्या सायकलवर, वारा समोरून. वादळाचा अंदाज आला की थोडेच दिवस आधी तारीख जाहीर होते. इथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. वर सांगितलेला रस्ता आधी दक्षिणेला का जातो, ते आता कळलं असेल. कष्ट ताज्या पायांनी, घरी येताना पाठीवर वारा.

ग्रुपनं जाणार असाल तर हाका शिकून घ्या. समोरून कुणी आलं की ‘तेखन’, मार्गात खांब दिसला की ‘पाल्चे’, आणि त्या मागपर्यंत पोहोचल्या पाहिजेत. घंटी कायद्यानं हवी आणि ती वाजवायचीही असते. पादचाऱ्याजवळून न वाजवता सुसाट जाणाऱ्यांमुळे रोड बाइकवाल्यांबद्दल आधीच नाराजी आहे. गवत कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला वाट द्या. रस्ता त्याचा, आपण पाहुणे. तो गेल्यावर चिखल राहतो, वळणावर जपा.

आणि ज्यांना समोरचा वारा अजिबातच नको, त्यांनी सायकल ट्रेनमध्ये घालावी. वेगळं तिकीट लागतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा नेता येत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते. नैर्ऋत्येचा वारा असेल त्या दिवशी गाउडाला उतरा आणि पाण्याच्या काठाकाठानं घरी या.