न आलेलं रक्त

खालच्या उजव्या दाढेच्या जागी हाडात बसवलेल्या स्क्रूभोवती, म्हणजे इम्प्लांटभोवती, प्रोब (हिरडीतली खोली मोजायची बारीक सळई) फिरवला आणि तो सात मिलीमीटर आत गेला. एरवी तीन-चारला अडतो, फार तर पाचला. रक्त मात्र जेमतेम ठिपकाभर, आणि हिरडी फिकट, शांत. हा इम्प्लांट मीच चौदा महिन्यांपूर्वी बसवला होता. गेल्या तपासणीत 'रक्तस्राव नाही' अशी समाधानाने नोंदही केली होती.

एक्स-रेने पोटात गोळा आला. स्क्रूच्या गळ्याभोवतीचं हाड बशीसारखं खचलेलं. कॅप बसवली तेव्हाच्या एक्स-रेशी ताडून पाहिलं, तीन मिलीमीटरहून जास्त हाड गेलं होतं. पेरिइम्प्लांटायटिस, म्हणजे जंतुसंसर्गाने इम्प्लांटभोवतीचं हाड झिजणं. दुखणं नाही, हलणं नाही. तळाशी थोडं हाड धरून असेपर्यंत इम्प्लांट घट्टच राहतो, त्यामुळे पेशंटला काही कळतच नाही.

पेशंट चाळिशीतले, दात घासण्यात काटेकोर. मधुमेह नाही. फॉर्मवर 'धूम्रपान करता का?' याच्यापुढे 'नाही'. कारण सापडेना. पुन्हा तपासायला आरसा आत घातला, तर तो गालाला चिकटला. तोंडात लाळच नव्हती.

"तोंडाला कोरड कधीपासून पडते?"

"सिगारेट सोडल्यापासून. तीन वर्षं झाली."

"सिगारेट सोडून कोरड?"

"आता वेप घेतो ना, ई-सिगारेट. त्यात धूर कुठे असतो, डॉक्टर?"

ते खोटं बोलले नव्हते. मी धुराबद्दल विचारलं होतं, त्यांनी धुराबद्दल उत्तर दिलं होतं. ती चूक माझी होती, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

निकोटिन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं. आत जंतूंचा धुमाकूळ चालू असला तरी वरून ना लाली दिसते, ना रक्त येतं. ज्या खुणेवर आम्ही डॉक्टर विसंबतो, तीच पुसली जाते. शिवाय वेपच्या द्रवातलं प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन पाणी ओढून घेतात. तोंड कोरडं पडलं की दातांवरचा थर धुऊन न्यायला लाळ उरत नाही.

"मग शेजारचे दात कसे ठणठणीत?" त्यांनी विचारलं. रास्त प्रश्न. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचं आवरण असतं, त्यातून हिरडीला जास्तीचा रक्तपुरवठा मिळतो. टायटॅनियमच्या स्क्रूला ते आवरण नाही. तिथे रक्त आधीच कमी, त्यात निकोटिन.

तेव्हा वरवरची सफाई केली. हिरडी उघडून स्क्रू साफ करायचं पुढे ठेवलं, कारण वेप चालू असताना ती जखम नीट भरेल असं मला वाटत नव्हतं. ते बराच वेळ गप्प होते. सिगारेट सोडताना याच वेपचा आधार घेतला होता, आता तोही सोडायचा. मी रागावले नाही. व्यसनमुक्ती समुपदेशकाकडे चिठ्ठी दिली.

तीन आठवड्यांनी त्यांचा घाबरलेला फोन आला. "डॉक्टर, वेप बंद केला आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं! पूर्वी कधीच येत नव्हतं. पुन्हा थोडा सुरू करू का?"

"अजिबात नको," मी म्हटलं. "रक्तवाहिन्या मोकळ्या होतायत. उद्या सकाळी या, मला ते रक्त बघायचंय."