वॉकर, टकर, फुलर: वहीतली तिसरी नोंद

वॉकर, टकर, फुलर ही तीन इंग्रजी आडनावं एकाच धंद्यातून आली. वॉकर म्हणजे चालणारा, ही पहिली नोंद खोडली. चालतो खरा, पण कापडावर. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं. ते हौदात शिळ्या मुतात (अमोनिया तेल काढतो) आणि मुलतानी मातीच्या पाण्यात घालून पायांनी तुडवायचं. कापड आटतं, दाट होतं, वीण दिसेनाशी होते. मग लाकडी चौकटीला आकड्यांनी ताणून वाळवायचं, नाहीतर कुठे जास्त आटतं, कुठे कमी. 1185 च्या टेम्पलर पाहणीत (टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या इंग्लंडमधल्या मालमत्तेची नोंद) हेच काम पाणचक्कीच्या हातोड्यांवर चाललेलं दिसतं. नाव मात्र पायांचंच राहिलं.

इंग्लंडच्या उत्तरेत या कारागिराला वॉकर म्हणत, आग्नेयेत फुलर, नैर्ऋत्येत टकर. टकरच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला छळणे या अर्थाचा धातू आहे. कापडाचे हाल पाहता शब्द चपखल! मुलतानी मातीला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात, तो फुलर हाच.

या खेपेला वेळ खाल्ला तो लॅटिन नोंदींनी. कारकून तिघांनाही सरसकट ‘फुल्लो’ लिहितो. त्याचं फुलर करून वंशावळीत चढवलं की उत्तरेतल्या यॉर्कशरचा वॉकर फुकट आग्नेयेतल्या ससेक्सला जातो. म्हणून फुल्लो दिसला की तसाच उतरवायचा आणि त्याच गावची इंग्रजी नोंद मिळेपर्यंत थांबायचं.

नावाआधीचा छोटा फ्रेंच शब्दही सोडू नये. ‘ल वॉकर’ (le) असेल तर धंदा. ‘द वॉकर’ (de, म्हणजे अमुक गावचा; इंग्रजी the नव्हे) असेल तर गाव तपासायचं, कारण न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं ठिकाण आहे. रोमन भिंतीलगतची दलदल असा त्याचा अर्थ. आणि चौदाव्या शतकापर्यंत असं उपनाव त्या एका माणसापुरतंच असू शकतं. बापाचं आणि मुलाचं नाव जुळलं तरच आडनाव धरावं.

कुठलं आडनाव कुठे जास्त, या नकाशासाठी 1881 ची जनगणना घेतली. नुसती डोकी मोजली तर लंडन आणि लँकेशर सगळीकडे फुगतात, म्हणून दर 10,000 लोकांमागे किती, असं काढायचं. तसं केलं की टकर नैर्ऋत्येतल्या डेव्हनकडे स्पष्ट गोळा होतो.

स्कॉटलंड बाकी आहे. तिथल्या डोंगराळ भागात गेलिक भाषेतल्या ‘कापड तुडवणाऱ्याचा मुलगा’ अशा अर्थाच्या नावाचंही वॉकर झालं, तेव्हा अर्थ जुळतो पण इंग्लंडचा नकाशा लागू होत नाही. ही शाखा सध्या पेन्सिलीनेच.